गेट-इन रात्री बारा पन्नास

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत मी सव्वीस वर्षं काढली. कंपनीनं प्लांट दुसरीकडं हलवला तेव्हा आम्हाला व्हीआरएस मिळाली. २०२२ च्या दिवाळीत खात्यात एकरकमी पैसे आले, आणि सकाळी सातला कुठं जायचं नाही म्हणून मी नेरुळच्या घरात येरझाऱ्या घालायला लागलो. ही म्हणाली, "एफडी करा आणि गप्प बसा." पैसे एफडीत टाकले, गप्प मात्र बसलो नाही.

माझे मामेभाऊ निफाड तालुक्यात शेती करतात. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सहा एकर, त्यात थोडी द्राक्षं, बाकी कांदा. त्यांचा कांदा लासलगावच्या लिलावात जायचा आणि भाव ऐकून ते मला फोन करायचे, जणू तो भाव मीच पाडलाय. मी वाशीत कांदा घ्यायचो तो भाव त्यांना सांगायचो. दोन्ही भावांतला फरक ऐकला की फोनवर थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. त्यातूनच केव्हा तरी निर्यातीचा विषय निघाला.

२०२३ च्या जूनमध्ये वाशी स्टेशनजवळच्या प्रदर्शन केंद्रात शेतमाल निर्यात आणि गुंतवणुकीवर एक कार्यक्रम होता. मी वही घेऊन गेलो. पडद्यावर मोठमोठे आकडे होते. २०२२-२३ मध्ये भारताची शेतमाल निर्यात सुमारे ५३ अब्ज डॉलर. जगाच्या तांदूळ व्यापारात ४० टक्के वाटा आपला. फळं आणि भाजीपाल्याच्या उत्पादनात जगात दुसरा नंबर. पायाभूत सोयींसाठी केंद्राचा एक लाख कोटींचा निधी, दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं ३ टक्के व्याज सवलत. मी सगळं उतरवून घेतलं. चहाच्या वेळी शेजारी बाजारातले एक जुने व्यापारी बसले होते. त्यांनी माझी वही बघितली आणि विचारलं, "यात कांदा किती आहे?" मी पानं उलटली. तांदूळ होता, कोळंबी होती, मसाले होते, म्हशीचं मांस होतं, साखर होती. कांद्याचा वेगळा आकडा मी लिहून घेतलाच नव्हता. ते हसले आणि बिस्कीट चहात बुडवलं.

त्यानंतर महिन्याभरात, २० जुलैला, सरकारनं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. गव्हाची आदल्या वर्षीच्या मे महिन्यात झालेली होती, तुकडा तांदळाची सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसलं. एवढं बघूनही मी थांबलो नाही, त्याला कारण माझा स्वभाव. बॉयलरचं प्रेशर वर-खाली झालं म्हणून आम्ही कधी प्लांट बंद केला नव्हता. वाटलं, हेही तसंच असेल.

आप्पा तयार नव्हते. २०१० साली युरोपला गेलेली द्राक्षं क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळं अडकली, त्या हंगामात त्यांचाही माल एका निर्यातदारामार्फत गेला होता. पैसे अर्धे मिळाले, तेही दोन वर्षांनी. "माल आपला, आणि तो वाईट आहे हे आपल्याला रॉटरडॅमहून कळतं," असं ते अजून म्हणतात. शेवटी ठरलं असं: खरेदी आणि प्रतवारी त्यांची, पैसा निम्मा-निम्मा, आणि कागद सगळे माझे.

कागदांची लोक फार भीती घालतात. माझा अनुभव उलटा आहे. आयात-निर्यात कोड पाचशे रुपयांत ऑनलाइन मिळाला. शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या एपीडा या केंद्राच्या संस्थेची नोंदणी पाच हजार आणि वर जीएसटी. त्यांचं विभागीय कार्यालय वाशीतच आहे, पण जायची वेळ आली नाही. अन्न सुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, परदेशी व्यवहारासाठी लागणारा बँकेचा एडी कोड, तो कस्टम्सच्या पोर्टलवर नोंदवणं, जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र म्हणजे एलयूटी. बँकेतल्या मुलीला एडी कोड म्हणजे काय हे मीच समजावलं, तेवढा एक आठवडा गेला. बाकी सगळं सव्वा महिन्यात. कंपनीत बॉयलर इन्स्पेक्टरची फाइल सांभाळलेल्या माणसाला हे काहीच नाही.

अवघड होतं ते गिऱ्हाईक शोधणं, आणि तेही नशिबानं जमलं. सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांचा मुलगा दुबईत भाजीच्या घाऊक बाजारात हिशेब बघतो. त्याच्या शेठला नवा लाल कांदा हवा होता. ३० टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीची, प्रत पाठवल्यावर. तोवर ऑक्टोबर संपत आला, आणि २८ तारखेला किमान निर्यात मूल्य टनाला ८०० डॉलर ठरलं. म्हणजे किलोला साधारण सदुसष्ट रुपये. त्याखाली बिल फाडायचं नाही. बाजारात एकानं कानात सांगितलं, बिल आठशेचं करा, वरचे पैसे शेठला परत द्यायची सोय होते. आप्पांना हे मी सांगितलंसुद्धा नाही. शेठकडं मालाचा तुटवडा होता, तो आठशेला तयार झाला.

पहिला कंटेनर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गेला. चाळीस फुटी रीफर, म्हणजे आत थंड ठेवणारा कंटेनर, २८ टन, वीस किलोच्या चौदाशे जाळीच्या गोण्या. गोण्यांवर शेठच्या ब्रँडचं नाव इंग्रजीत आणि अरबीत छापलेलं. तुर्भ्याच्या एका भाड्याच्या गोदामात भरला, मालात कीड-रोग नसल्याचा प्लांट क्वारंटाइनचा दाखला, फायटो, मिळाला, माल जाऊ द्यायचा कस्टम्सचा हुकूम, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, झाला, जहाज सुटलं. आठवड्याभरात शेठचा व्हिडिओ आला: एक माणूस गोणी कापतो, कांदे हातावर घेतो आणि अंगठा दाखवतो. सगळा खर्च वजा जाता साडेतीन लाखांच्या आसपास राहिले. हे किमान निर्यात मूल्याचं देणं होतं, आमच्या हुशारीचं नव्हे, पण तेव्हा ते तसं वाटलं नाही. आप्पांनी देवीला नारळ फोडला. मी हिला घेऊन पाम बीच रोडवर जेवायला गेलो आणि एफडीवर बरंच बोललो.

आता दुसरा कंटेनर.

७ डिसेंबर २०२३, गुरुवार. आप्पा आदल्या रात्री दोन ट्रक घेऊन आले होते. पहाटे चारला तुर्भ्याला पोचले, गोदामाच्या ओट्यावरच आडवे झाले. रिकामा कंटेनर अकराला यायचा होता. रीफर यार्डातून निघण्याआधी त्याची तपासणी होते, कॉम्प्रेसर थंड करतो की नाही, हवा खेळायच्या झडपा, म्हणजे व्हेंट, उघडतात की नाही. कांद्याला थंडीपेक्षा वारा महत्त्वाचा, त्यामुळं व्हेंटवर आमची सगळी भिस्त. ती तपासणी लांबली. कंटेनर आला साडेतीनला.

आठ माथाडी होते. टोळीच्या मुकादमानं घड्याळाकडं बघून सांगितलं, साडेसहाला सील. तसं झालंही असतं.

पाचच्या सुमाराला मी सवयीनं एक गोणी कापून बघितली. कंपनीत सॅम्पल काढायची सवय, ती जात नाही. वरचे कांदे छान होते, पंचावन्न मिलिमीटरच्या वरचे, पत्ती घट्ट, रंग गडद. खाली हात घातला तर जोड कांदा. एक नाही, सात-आठ. जोड कांदा म्हणजे एकाच सालीत दोन पोटं असलेला; खायला काही वाईट नाही, पण परदेशी बाजारात तो चालत नाही, लवकर नासतो आणि सगळी गोणी खराब करतो. दुसरी गोणी कापली, त्यात डेंगळा सापडला, मधे जाड दांडा असलेला. आणखी आठ गोण्या कापल्या. दहांपैकी तीन गोण्यांत गडबड. तिन्ही दुसऱ्या ट्रकमधल्या, एकाच शेतकऱ्याच्या.

आप्पा म्हणाले, "जाऊ दे रे. नव्या लाल कांद्यात एवढं चालतंच. शेठ एवढ्यासाठी परत नाही पाठवायचा."

मी ऐकलं नाही. त्या शेतकऱ्याच्या एकशे साठ गोण्या बाजूला काढल्या. दोन बायका आणि तीन माणसं आणखी बोलावली, ताडपत्री अंथरली आणि गोण्या ओतून नव्यानं निवडायला बसवलं. मी स्वतः मांडी घालून बसलो. हातांना त्या कोरड्या सालीचा वास दोन दिवस होता. आप्पा थोडा वेळ लांब उभे राहिले, मग तेही येऊन बसले. जोड एकीकडं, डेंगळे एकीकडं, गोल्टी म्हणजे बारीक कांदे एकीकडं. निघालेल्या कांद्यांची तूट भरायला ट्रकमधल्या जादा गोण्या फोडल्या. हे सगळं उरकून सील लावायला साडेआठ वाजले. कंटेनर सव्वानऊला निघाला.

उरण फाट्यापासून जेएनपीटी बंदराच्या रस्त्याला ट्रेलरची रांग असतेच. त्या रात्री करळ फाट्याच्या अलीकडं अडीच तास गेले. ड्रायव्हर मधून मधून फोन करायचा, मी त्याला चहा प्यायला सांगायचो. रात्री एकच्या सुमारास त्यानं गेटवरच्या पावतीचा फोटो पाठवला. बंदरात आत घेतल्याची वेळ, म्हणजे गेट-इन: ००:५०. मी आप्पांना उठवून दाखवला. ते सोफ्यावर झोपले होते, "चला, सुटलो," म्हणाले आणि कूस बदलली.

सकाळी सातला आमच्या कस्टम्स एजंटचा फोन. "साहेब, रात्री नोटिफिकेशन आलंय. कांदा बंद. ३१ मार्चपर्यंत."

मी ते नोटिफिकेशन त्या दिवशी वीस-एक वेळा वाचलं असेन. तारीख ७ डिसेंबर. त्यात सवलती होत्या, आणि त्या नीट विचार करून लिहिलेल्या होत्या हे मी आजही मान्य करतो. आदेशापूर्वी जहाजावर माल चढायला सुरुवात झाली असेल तर चालेल. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, भरलंय आणि जहाज बंदरात येऊन थांबलंय तर चालेल. माल आदेशापूर्वी कस्टम्सच्या ताब्यात गेला असेल आणि त्यांच्या यंत्रणेत तशी नोंद असेल तर ५ जानेवारीपर्यंत पाठवता येईल. आमची नोंद होती. पन्नास मिनिटं पुढच्या तारखेची.

एजंटनं दोन दिवस धावपळ केली. आम्ही टोलची नोंद दाखवली, सीलची वेळ दाखवली, गोदामाच्या गेटचं रजिस्टर दाखवलं. समोरचा अधिकारी सभ्य होता. त्यानं सगळं बघितलं आणि म्हणाला, "माल रस्त्यावर होता हे मला मान्य आहे. आदेशात रस्ता नाही." यावर काय बोलणार? विम्याची पॉलिसी काढून बघितली. चोरी, आग, पाणी, रीफर बंद पडणं, सगळं होतं. सरकारी आदेश नव्हता.

इकडं नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. आप्पांचा मुलगा तिथं होता, आणि आप्पा माझ्या घरात टीव्हीवर त्याला गर्दीत शोधत होते. माझ्या हिनं एकदाच विचारलं, "त्या एकशे साठ गोण्या तशाच गेल्या असत्या तर?" आप्पा पटकन म्हणाले, "वहिनी, कंटेनरच उशिरा आला होता." माझ्यापेक्षा त्यांचं नुकसान मोठं होतं, तरी असं म्हणाले.

लाल कांदा थांबत नाही, ही खरी गोची. उन्हाळ कांदा हवेशीर कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त, तीन-चार आठवड्यांत त्याला कोंब येतो नाही तर तो बसतो. बंदी उठायची वाट बघणं शक्यच नव्हतं. मग 'बॅक टू टाउन'. निर्यातीसाठी आत गेलेला माल बाहेर काढायला हेच म्हणतात, आणि त्यासाठी वेगळी परवानगी, वेगळे पैसे. शिवाय रीफर विजेच्या प्लगवर लावल्याचं भाडं, शिपिंग लाइनचा दंड. कंटेनर १२ तारखेला बाहेर आला.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात मी वर्षानुवर्षं पिशवी घेऊन गेलो होतो. आता २८ टन घेऊन गेलो. घाऊक बाजारात कांदा पन्नास किलोच्या आसपासच्या गोणीत येतो. आमच्या गोण्या वीस किलोच्या, कोऱ्या, लाल जाळीच्या, आणि वर अरबी. ट्रकची मागची फळी पडली आणि गाळ्यातल्या माणसानं कांदा बघायच्या आधी गोणी बघितली. त्याला सगळं कळलं. असे परत फिरलेले आम्ही एकटे नव्हतो. त्या आठवड्यात बाजारात जिकडंतिकडं अरबी गोण्या दिसत होत्या. एकावर मलेशियाचा पत्ता होता, एकावर कोलंबोचा. अडकलेला माल आहे, आज ना उद्या द्यावाच लागेल, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक असलं की भाव कसा होतो ते सांगायला नको. आम्ही ३९ रुपयांनी घेतलेला कांदा सरासरी २१ ला गेला. तीन टन सडून गेला. हमाली, तोलाई, अडत वेगळी.

एक गोष्ट मात्र सांगतो. ज्या गोण्या आम्ही ताडपत्रीवर निवडल्या होत्या, त्या सगळ्यात शेवटी विकल्या, १८ तारखेला, आणि त्यांत सड जवळजवळ नव्हती. गाळ्यावाल्यानं त्या हातात घेऊन विचारलं, "हा वेगळ्या शेतातला का?" मी हो म्हटलं.

शेठचा आगाऊ पैसा परत पाठवायलाही बँकेत कागद भरावे लागले. परदेशातून आलेला पैसा परत का जातोय, याचा खुलासा. त्यानं माल पाकिस्तानातून आणि इजिप्तमधून उचलला. त्याचा राग नव्हता, पण पुढचे काही महिने त्यानं फोन उचलला नाही. मार्चमध्ये वाचलं की अमिरातीला सरकारी सहकारी संस्थेमार्फत १४,४०० टन कांदा पाठवायला परवानगी मिळाली. आप्पांनी ती बातमी मला पाठवली, खाली काहीच न लिहिता.

एकंदर हिशेब लिहितो, कारण असे लेख लिहिणारे नफ्याचेच आकडे देतात. दुसऱ्या कंटेनरवर साडेसात लाख गेले. पहिल्याचे साडेतीन वजा केले तर चार लाख, दोघांत दोन-दोन. माझ्यासाठी ती व्हीआरएसच्या रकमेतली एक चिमूट. आप्पांसाठी मुलीच्या लग्नाचा हॉल.

सरकारला शिव्या देणं सोपं आहे, आणि त्या डिसेंबरात मी भरपूर दिल्या. पण माझी बहीण ठाण्यात वर्तकनगरला राहते. तिच्याकडं त्याच महिन्यात गेलो तर ती कांदा स्वस्त झाला म्हणून खूश होती आणि भजी तळत होती. १९९८ साली दिल्लीतलं सरकार कांद्यानं पाडलं असं अजून बोलतात. तेव्हापासून कुठलंही सरकार कांद्याकडं भाजी म्हणून बघत नाही. मी तिची भजी खाल्ली. भावाबद्दल काही बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आंब्याकडं वळलो, त्याचं कारण एवढंच की आंब्यामुळं कुणाचं सरकार पडत नाही. हिच्या माहेरचे लोक रत्नागिरीचे. माझ्या मेहुण्यांची बाग आहे. मी स्वतः निर्यातदार म्हणून उभा राहिलो नाही, एका जुन्या निर्यातदाराच्या लंडनच्या मालात आमच्या १२० पेट्या घातल्या, त्यानं पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून घेतल्या. कृषी पणन मंडळाचं निर्यात केंद्र वाशीतच, बाजाराला लागून आहे. घरापासून पंधरा मिनिटं, आणि इतक्या वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता.

२०१४ च्या मे महिन्यापासून युरोपनं हापूस बंद केला होता, फळमाशी सापडली म्हणून. पुढच्या जानेवारीत उठवला. तेव्हापासून प्रक्रिया सक्तीची. लंडनच्या फळाला गरम पाणी: ४८ अंश, साठ मिनिटं. मी ते बघायला आत गेलो. डोक्याला टोपी, पायाला प्लास्टिक. क्रेट पाण्यात उतरतात आणि भिंतीवर तापमानाचा आलेख सरकत राहतो. मी त्या आलेखासमोरून हललो नाही. सव्वीस वर्षं असेच आलेख बघितले होते, पण त्यात आंबे नव्हते. शेजारच्या भागात अमेरिकेचा माल चालला होता, तो विकिरणाचा, किरणांची मात्रा किमान ४०० ग्रे. त्यावर अमेरिकेचा निरीक्षक स्वतः हजर होता, तो सही करेपर्यंत खोकं हलत नव्हतं. २००७ पासूनची ही पद्धत. कोविडमध्ये निरीक्षक येऊ शकले नाहीत तर दोन हंगाम आंबाच गेला नाही.

मेहुण्यांना धास्ती वेगळी होती, साक्याची. वरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट स्पंज. पाण्यात घाला, उजेडात धरा, बाहेरून कळत नाही. ते म्हणाले, "भावोजी, नोटिफिकेशन निदान वाचता येतं." आमच्या नशिबानं तक्रार आली नाही. विमानाचं भाडं आंब्याच्या किमतीहून जास्त, त्यामुळं १२० पेट्यांतून अकरा हजार राहिले. मेहुणे म्हणाले, एवढे तर पुण्याच्या गिऱ्हाइकानं घरी येऊन दिले असते. खरं आहे. पण कुणीतरी लंडनमध्ये आमचा आंबा कापतोय, हे त्यांनी वाडीतल्या प्रत्येकाला सांगितलं, तेही खरं आहे.

त्या केंद्रात जाऊन आल्यावर माझ्या डोक्यात पॅकहाऊस घुसलं. आप्पांच्या जमिनीवर प्रतवारी, शीतगृह, सगळं एका छपराखाली. वहीतली ३ टक्के व्याज सवलत आठवली. प्रकल्प अहवाल केला, दोन कोटींच्या थोडा आत. नेरुळच्या बँकेतल्या मॅनेजर बाई फार हुशार. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि दोन प्रश्न विचारले. सातबाऱ्यावर नावं किती? पाच. आणि वर्षातले किती दिवस हे यंत्र चालणार? मी म्हटलं, निर्यात सुरू असेल तेव्हा. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या हातात आहे का?" सवलत व्याजावर मिळते, मुद्दल आपलंच असतं, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही. अहवाल अजून कपाटात आहे.

३१ मार्चपर्यंतची म्हणून लागलेली कांद्याची बंदी शेवटी ४ मे २०२४ ला उठली, ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क निम्मं झालं. १ एप्रिल २०२५ ला उरलेलं २० टक्केही गेलं. त्या दिवशी सकाळी आप्पांचा फोन. "शेठ परत बोलायला लागलाय. भरायचा का एक?"

मी विचारलं, "उन्हाळ का?"

"उन्हाळच. आणि निवड इथंच करतो, गावात. तुर्भ्याला फक्त चढवायचा."

त्या वेळी मी रिकामा कंटेनर आदल्या संध्याकाळी मागवला आणि एका रात्रीचं जादा भाडं मुकाट्यानं दिलं. सकाळी आठला माथाडी लागले, अकराला सील. गोणी मी कापून बघितली, दोनच. गेट-इन दुपारी तीन वीस. शुल्क उठल्यामुळं सगळेच निर्यातीला धावले होते आणि दुबईत भाव पडला होता. दोघांत मिळून अडतीस हजार सुटले.

माझ्या वाट्याच्या पैशात भर घालून मी आप्पांना कांदाचाळीसाठी दिले. पंचवीस टनांची, जोत्यावर उचललेली, दोन्ही बाजूंनी वारा खेळेल अशी, बांबूच्या पट्ट्यांची नाही, लोखंडी जाळीची. कर्ज नाही, व्याज नाही. त्यातून जो कांदा उशिरा विकला जाईल त्याच्या वाढलेल्या भावात माझा चौथा हिस्सा, तोंडी. ही म्हणाली, "एफडीत सात टक्के मिळत होते." काल आप्पांनी फोटो पाठवला. पत्रे चढलेत, एका बाजूची जाळी बसायची आहे, आणि जोत्याखाली त्यांचं कुत्रं आत्ताच झोपायला लागलंय.